मधल्या घरातली ओल

पांझरेच्या काठी, धुळ्याहून चार कोस वर, पिंपरखेडे म्हणून गाव. तिथं अभिमन आबांचं मातीचं घर होतं. एकामागे एक तीन खोल्या आणि वर मातीचं सपाट धाबं. पुढच्या खोलीत बैल बांधायचे, मागच्या खोलीत चूल. दोहोंच्या मधल्या खोलीला सगळे मधलं घर म्हणत, आणि हे मधलं घर ओलं होतं.

ओलं म्हणजे नुसतं सर्द नव्हे. भिंतीला पाठ टेकली तर चोळी भिजायची. जमीन सारवली तर आठ-आठ दिवस वाळायची नाही. गिलावा फुगून पापडासारखा सुटायचा आणि त्याच्या आत पांढरा खारट लोणा फुललेला असायचा. तो खराट्यानं झाडून काढला की चार दिवसांत पुन्हा हजर. कोपऱ्यातल्या कणगीच्या बुडाला बुरशी धरली, म्हणून कणगी उचलून बैलांपाशी नेली. माणसं मात्र उचलून कुठं नेणार? आबांची म्हातारी बायको भिकुबाई, सून मंजुळा आणि पोरं याच खोलीत निजत. अभिमन आबांची बाजही इथंच, मागच्या भिंतीला लागून. गावातले म्हातारे ओसरीवर निजत, दिवसा पारावर बसत. आबा दिवसासुद्धा बाज सोडायचे नाहीत. म्हातारपणाची खोड म्हणून कोणी त्याचं नवल करत नसे.

मागल्या माघात मंजुळाचा मुलगा गेला होता. अकरा महिन्यांचा होता. आधी खोकला, मग छातीत घरघर, मग श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. तीन आठवडे तो झगडला आणि एका सकाळी मांडीवरच निपचित झाला. आता पौष लागला होता आणि तिची पाच वर्षांची मुलगी शेवंता तशीच खोकू लागली होती. तोच कोरडा, खोल खोकला. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मंजुळा भाकरी थापत होती. तिचे हात पिठातच थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

या ओलीचं खापर मंजुळाच्या डोक्यावर फुटून आठ वर्षं झाली होती. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी मधल्या घराच्या भिंतीला पहिल्यांदा पाझर फुटला. आधी हे घर कोरडं ठणठणीत होतं, ही गोष्ट खरी होती, म्हणूनच तर तिला तोंड उघडता येत नसे.

"हाई घरमा उनी, त्याच सालपाइन भिती रडी राहिन्यात," भिकुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती दुष्ट बाई नव्हती. नातू गेला तेव्हा तिनं मंजुळाला दोन दिवस पोटाशी धरून ठेवलं होतं. पण दुःखाला काहीतरी कारण हवं असतं, आणि सून समोरच होती.

उपाय करायचे तेवढे झाले होते. मंजुळाचा नवरा झुलाल कष्टाळू आणि कमी बोलणारा. पाणी वरून गळत असेल म्हणून त्यानं चार वेळा धाब्यावर खारी माती टाकली. न्हाणीचं पाणी मुरत असेल म्हणून न्हाणी मोडून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. गिलावा खरवडून नवा केला. धुळ्याहून चुना आणून भिंतीला फासला, तर तोही दोन महिन्यांत खवल्यांसारखा गळून पडला. शेवटी नदीपलीकडच्या भगताला आणलं. त्यानं भिंतीला हात लावून पाहिला, हाताचा वास घेतला आणि म्हणाला, "जिना पायवर वल उनी, तिना पायवर जाई."

जिच्या पायांनी ओल आली, तिच्याच पायांनी ती जाईल: एवढ्या एका वाक्यानं सगळं ठरलं. मंजुळाचा भाऊ रतिलाल दोंडाईच्याजवळ राहायचा. त्याला निरोप गेला की संक्रांतीला येऊन बहिणीला घेऊन जा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, त्याचा आनंद असतो, झोके बांधतात, गाणी म्हणतात. संक्रांतीला कोणी जात नाही. संक्रांतीला जी जाते ती कशासाठी जाते हे गावाला कळतं. आणि शेवंता मागेच राहायची होती. "तुन्हा हात लागस म्हनी पोरगी झिजी राहिनी," भिकुबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून शेवंताला ती स्वतःजवळ घेऊन निजू लागली. मंजुळानं सहा हातांवर दुसऱ्या भिंतीशी पडायचं आणि पोरीची घरघर ऐकायची.

मंजुळाला जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती दुसरी होती. आपण गेलो तरी ओल जाणार नाही आणि पोरगी याच खोलीत राहील, हे तिला पक्कं माहीत होतं. पुढचं ती मनातसुद्धा पुरतं बोलत नसे.

तिनं पोरीला हलवण्याची धडपड केली नाही असं नाही. दोन दिवस बैलांच्या खोलीत निजवलं, तर गोचिडांनी पोरीचं अंग फोडून काढलं आणि शेणामुताच्या वासानं खोकला आणखी वाढला. चुलीच्या खोलीत रात्रभर धूर कोंडलेला, बाहेर अंगणात पौषाचा गारठा. शेजारी धुरपदाकाकूचं घर होतं. धुरपदाबाई म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची, भाईदासची बायको. संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळात तिचा नवरा आणि दोन्ही मुलं गेली. गेली पंधरा वर्षं ती एकटी त्या घरात राहत होती, आणि आबा दर सुगीला तिच्या घरी ज्वारीचं पोतं पोचवत. भावजयीला असं सांभाळणारा थोरला दीर मिळत नाही, असं गाव म्हणायचं. धुरपदाकाकू स्वतः येऊन म्हणाली होती, "पोरले मन्हाकडे निजाडत जा. मन्हं घर कोल्लं खडखडीत शे." पण भिकुबाईनं साफ नाही म्हटलं. जिची दोन पोरं गेली तिच्या घरात नात पाठवायची तिची छाती होईना.

मग मंजुळानं भिंतीकडे पाहायला सुरुवात केली. करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. आठ वर्षं ती त्या ओलीकडे तोंड फिरवून जगली होती. आता रोज सकाळी ती भिंतीपाशी बसे आणि ओल जिथवर चढली असेल तिथं गेरूचं बोट ओढी. भिकुबाईला वाटलं, सुनेनं भगताच्या सांगण्यावरून काही व्रत धरलं आहे, म्हणून ती आडवी आली नाही.

पहिली गोष्ट मंजुळाच्या लक्षात आली ती आठवून आठवून. पावसाळ्यात, जेव्हा गावातलं एकूणएक घर गळतं आणि बायका घागरी मांडून बसतात, तेव्हा हे मधलं घर बरं असतं. गेल्या श्रावणात तिनं याच भिंतीशी गोधड्या रचल्या होत्या आणि त्यांना वास लागला नव्हता. ओल वाढते ती दिवाळीनंतर. आभाळात ढग नसतो, नदी आटत चाललेली असते, आणि भिंत मात्र पाणी पिते. पाणी आभाळातून येत असतं तर असं का झालं असतं?

दुसरी गोष्ट मार्गशीर्षात घडली होती, पण तिचा अर्थ तिला आता लागला. नदीवरच्या बंधाऱ्यापासून निघालेला पाट तेव्हा वरच्या अंगाला फुटला होता. गावाचा सगळा ऊस आणि गहू त्या पाटावर, सामाईक पाळीनं भिजणाऱ्या फडांत. पाटाचं पाणी राखायला नेमलेला भिकन पाटकरी दवंडी देत फिरला होता की नऊ दिवस पाणी बंद. त्या नऊ दिवसांत शेवंता रांगोळीच्या पुडीसाठी हट्ट करत होती आणि जमीन कोरडी होती म्हणून मंजुळानं मधल्या घरात तिला रांगोळी काढू दिली होती. एरवी ओल्या जमिनीवर रांगोळी विरघळून जायची. म्हणजे पाट बंद होता तेव्हा जमीन वाळली होती.

हे खरं की नुसतं मनाचं, ते पाहायला हवं होतं. पाटाची एक चारी, म्हणजे लहान फाटा, गावामागून, धुरपदाकाकूच्या घरापलीकडून जायची. पावसाळ्यात ती बंद असे, दिवाळीनंतर पाणी पाळीपाळीनं सुटे. पाणी भरायला म्हणून मंजुळा त्या बाजूनं जाऊ लागली. चारी कधी वाहते, कधी कोरडी पडते, हे ध्यानात ठेवू लागली. चारी बंद झाली की तिसऱ्या दिवशी ओल गेरूच्या बोटाखाली उतरायची. चारी सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. दोन वेळा तसंच झालं. मग तिनं भिकन पाटकऱ्याला वाटेत थांबवून, डोक्यावरचा पदर पुढं ओढून विचारलं की ही चारी कधी काढली. भिकन बोटांवर मोजत आठवू लागला. "नवा फड मांडा त्या सालले. आठ साल व्हयनात. तुन्हा लगननी वरात आम्ही चारीवर फळ्या टाकीसन आनी व्हती ना."

मंजुळा घागर घेऊन तिथंच उभी राहिली. तिच्या वरातीसाठी फळ्या टाकल्या होत्या. चारी नवी होती म्हणून. आठ वर्षं सगळ्यांना सून आठवली आणि चारी कोणालाही आठवली नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी बैलांना वैरण टाकताना तिनं झुलालला सगळं सांगितलं. झुलालनं ऐकून घेतलं. तो हसला नाही, रागावला नाही. पण त्यानं एक गोष्ट विचारली.

"चारी आठून चाळीस पावलं शे. मझार काकूनं घर शे. ते कोल्लं. पानी काय काकूनं घर टाळीसन आम्हना घरमा येस?"

चारी आणि आपलं घर यांच्या मध्ये काकूचं कोरडं घर होतं, हे खरंच होतं. तो पुढं म्हणाला, "माले कळस तुन्हा जीवले काय व्हई राहिनं ते. पन माय आइकाव नही. रतिलालले निरोप गया शे." आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. आपला नवरा वाईट नाही, फक्त थकलेला आहे, आणि थकलेल्या माणसाचा काही उपयोग नसतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

संक्रांतीला चार दिवस राहिले. शेवंताला ताप भरला. तिच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, आणि गळ्याखालच्या खळगीत श्वासासरशी खड्डा पडू लागला. वैद्यानं अडुळशाचा रस दिला, मधाचं चाटण दिलं, आणि जाताना झुलालला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीला कोरड्या उबदार जागी ठेवा, नाहीतर माझ्या औषधाच्या भरवशावर राहू नका. भिकुबाईनं हे ऐकलं आणि पदरात तोंड घालून रडली, पण धुरपदाच्या घरी पाठवा असं तिच्या तोंडून आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुलाल शेतात होता. भिकुबाई शेवंताला मांडीवर घेऊन चुलीपाशी शेकत बसली होती. पाणी काकूचं घर टाळून इथंच वर येत असेल तर इथल्या जमिनीखाली काही वेगळं असलं पाहिजे, असं मनाशी धरून मंजुळा मधल्या घरात शिरली. आबा बाजेवर बसले होते, नेहमीसारखे, हातात सुतळीचा पिळा. त्यांच्याकडे न पाहता तिनं उखळाचं मुसळ घेतलं आणि दाराशी जमिनीवर आपटलं. आवाज भरीव आला. एक पाऊल पुढं सरून पुन्हा आपटलं. भरीव. भिंतीकडेनं, मध्ये, कणगी होती त्या कोपऱ्यात. सगळीकडे तोच मातीचा भरीव आवाज. मग बाजेच्या पायाशी तिनं मुसळ टाकलं आणि जमीन पोकळ वाजली, जसा रिकामा रांजण वाजतो.

आबांचा सुतळीचा हात थांबला.

सासऱ्याशी सुनेनं बोलायची रीत नव्हती. आठ वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही विचारायचं झालं तर सासूला किंवा पोरीला मध्ये घालून. त्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदर तसाच राहू दिला, पण मान वर केली.

"आबा, उठा. बाज सरकावनी शे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "आठे पहार लागनार नही."

"कसाले?"

"मी सांगस म्हनीसन."

ती बाहेर गेली आणि बैलांच्या खोलीतून पहार घेऊन आली. बाजेच्या दोन पायांच्या मध्ये, आबांच्या पायांपासून वितीवर, तिनं पहार मारली. ओली माती चिखलासारखी बाजूला झाली. दुसरा घाव घातला. आबा उठले नाहीत. तिसऱ्या घावाला पहार दगडावर खणकन वाजली, आणि तो आवाज ऐकून भिकुबाई पोरीला खांद्यावर टाकून दारात आली.

"काय करी राहिनी तू?"

मंजुळा आबांकडे पाहत होती, कारण म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरून गेला होता, एखादा निरोप फार दिवस अपेक्षित असावा आणि तो यावा तसा.

"तठे पेव शे," आबा म्हणाले.

खानदेशात धान्य साठवायला जमिनीत पेवं खणतात, पण ती कोणापासून लपवत नाहीत. भिकुबाईला या घरात येऊन तीस वर्षं झाली होती आणि आपल्या निजायच्या जागेखाली पेव आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"मन्हा बापनं खंदेल," आबा म्हणाले. ते कोणाकडेच पाहत नव्हते. "माले एकलाले सांगं. भाईदासले नही. छप्पनना साले त्यामा दोन खंडी जवारी व्हती. तुले आनि झुलालले मी तुन्हा माहेरले धाडं, तुले याद शे?"

भिकुबाईनं मान हलवली. धान्य संपलं म्हणून नवऱ्यानं आपल्याला माहेरी पाठवलं, एवढंच तिला माहीत होतं.

"भाईदास दारशी उना. म्हने, भाऊ, पोरं दोन दिनपाइन उपाशी शेतस. मी म्हनं, घरमा दाना नही. याच बाजवर बशीसन म्हनं." सुतळीचा पिळा त्यांनी बाजूला ठेवला. "पुढला साल बी पानी नही पडना त काय करो, हाई भ्याव व्हतं. भ्यावमा मानूस काय करस ते माले आते सांगता येत नही. तो खडी फोडाना सरकारी कामवर गया. तठे पटकी लागनी. पानी पानी करत मरना. मंग पोरं बी गयात."

भिकुबाईच्या खांद्यावर शेवंता खोकली.

"वल उनी तव्हय मी वळखं," आबा म्हणाले. "भाईदास उना. त्याले पानी नही भेटनं, म्हनीसन तो मन्हं घर पानीमा घाली राहिना. त्यावर कोनता इलाज करो मी?"

मंजुळाच्या हातात पहार होती. तिला वाटलं होतं की राग येईल, पण आला तो एक प्रचंड थकवा, आणि त्या थकव्यातूनच ती बोलली. "भाईदासकाका नही ते. चारीनं पानी शे. चारी सुटस तव्हय चढस, चारी बंद व्हस तव्हय उतरस. मी पंधरा-वीस दिन देखी राहिनू." मग तिनं विचारलं, "बठ्ठा माले नाव ठेवत. तुम्ही आइकत व्हतात ना?"

"आइकत व्हतू," म्हातारा म्हणाला. "तुन्हं नाव निंघे तव्हय माले हलकं वाटे."

झुलालला शेतातून बोलावून आणलं. बाज बाहेर काढली, हातभर माती उपसली. खाली शिळा होती. झुलालनं आणि भिकन पाटकऱ्यानं मिळून ती उचलली तेव्हा असा आंबूस वास उसळला की भिकन ओकायला बाहेर पळाला. आत काळं पाणी होतं, जमिनीपासून जेमतेम दोन हात खाली, आणि त्यावर साय धरल्यासारखा थर. दोरीला दगड बांधून सोडला तर दोन पुरुष खोल गेला आणि गाळात रुतला. तो गाळ म्हणजे उरलेली ज्वारी होती. दुष्काळ सरल्यावर पेव उघडलं असतं तर गावाला कळलं असतं, म्हणून ती तशीच राहिली होती.

आता भिकनलाही उलगडा झाला. चारीचं पाणी खाली मुरमाच्या थरात शिरत होतं आणि मुरमातून उताराला सरकत होतं. धुरपदाकाकूच्या घराखालूनही ते जात होतं, पण खोलवरून. तिथं त्याला वर यायला वाट नव्हती. इथं पेवाचं बूड नेमकं मुरमात उतरलेलं. पेव विहिरीसारखं भरे, आणि मातीची भिंत त्यातलं पाणी वातीनं तेल ओढावं तशी ओढून घेई. आठ वर्षं वरून माती टाकली, चुना फासला, आणि पाणी पायाखाली होतं.

घागरींनी उपसा सुरू झाला. काळा गाळ टोपल्यांतून अंगणापलीकडे नेऊन टाकायचा, म्हणजे धुरपदाकाकूच्या दारावरून. दोन-चार टोपल्या गेल्या आणि ती बाहेर आली. टोपलीतला गाळ तिनं चिमटीत घेतला, बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. आयुष्यभर ज्वारी कांडली, दळली होती तिनं. कुजली तरी तिला ओळखता येत होती.

"हाई जवारी शे," ती म्हणाली. "कोना घरनी?"

मग आबा भिंतीला धरून दारापर्यंत आले आणि त्यांनी घरात सांगितलं होतं तेवढं सगळं, एक शब्द न वगळता, भावजयीला सांगितलं. उपसा करणारी माणसं घागरी हातात घेऊन उभी होती. आबा थांबल्यावर धुरपदाकाकूनं विचारलं, "कितली व्हती?"

"दोन खंडी."

तिनं हातातल्या काळ्या चिखलाकडे पाहिलं. "माले पायलीभर पुरी जाती," ती म्हणाली.

मग तिनं हात धुतले, अंगणातून सरळ चुलीच्या खोलीत आली आणि भिकुबाईपुढं उभी राहिली. "पोरगी दे." भिकुबाईनं या वेळी पोरगी तिच्या हातात दिली. मंजुळा गोधडी घेऊन मागोमाग निघाली, आणि त्या रात्रीपासून मायलेकी धुरपदाकाकूच्या घरी निजू लागल्या.

उपसलेलं पेव सकाळपर्यंत पुन्हा तेवढंच भरलं. फडाच्या पंचांना बोलावून दाखवावं लागलं. चारी कायमची बंद करायला कोणी तयार झालं नाही. त्या चारीवर तीसेक घरांचा गहू होता, आणि ते बरोबरच होतं. पण पंचांनी पाणी दहा दिवस थांबवलं. चारीच्या काठात खेकड्यांची बिळं निघाली, ती बुजवली. तळाला काळी चिकण माती बडवून बसवली. पेवात दगड आणि माती ठासून भरली. झुलाल या सगळ्या कामात इतका राबला की त्याच्या हाताची कातडी सोलून निघाली. एका दुपारी तो मंजुळाला म्हणाला, "तू सांगं तव्हय मी आइकाले पाहिजे व्हतं." मंजुळा म्हणाली, "हो."

रतिलाल संक्रांतीला आला. बहिणीनं त्याला तिळगूळ दिला, जेवू घातलं आणि परत पाठवलं.

शेवंताचा ताप अकराव्या दिवशी उतरला. तोवर तीन वेळा असं झालं की आता संपलं असं वाटून मंजुळानं तिचे डोळे मिटायला हात पुढं केला होता. पोरगी वाचली, पण छाती कायमची अधू झाली. थंडी पडली की तिच्या श्वासात शीळ वाजायची. मधल्या घराची भिंत वाळायला पुढची दिवाळी यावी लागली, आणि वाळल्यावरही लोणा फुलतच राहिला, थोडा थोडा.

सुगीला झुलालनं दरवर्षीप्रमाणे धुरपदाकाकूच्या दारात ज्वारीचं पोतं ठेवलं. तिनं ते आत घेतलं नाही. तीन दिवस पोतं दारातच होतं, मग झुलालनं उचलून आणलं. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, वेचायला जाऊ लागली. शेवंता मात्र तिच्याकडे निजायला जायची, आणि त्याला ती कधी नाही म्हणाली नाही.

आबा आता पुढं बैलांपाशी निजत. त्यांना कोणी टोचून बोललं नाही. गावानं त्यांच्याशी बोलणंच कमी केलं. वैशाखातल्या एका दुपारी मंजुळा त्यांना भाकरी वाढायला गेली. भाकरीकडे न पाहता ते म्हणाले, "मंजुळा, तुन्हा आंडोर..." आणि गेलेल्या नातवाबद्दल पुढचं त्यांना बोलता येईना. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, पुढचं वाक्य तीच पुरं करील अशा आशेनं.

मंजुळानं ते वाक्य पुरं केलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला, बैलांच्या दावणीतला काडीकचरा झाडून काढला आणि शेवंताला उन्हातून घरात आणायला ती बाहेर पडली.